मैंदर्गीचा दुभाषी

सोलापुराहून अक्कलकोटला जाणारा माणूस सहसा अक्कलकोटलाच थांबतो. स्वामींच्या वटवृक्षापाशी डोके टेकावे, अन्नछत्रात प्रसाद घ्यावा, सवड असल्यास भोसल्यांच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहावे आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे, असा सर्वांचा शिरस्ता. तेथून पुढे एक रस्ता जातो हे दिसते. पण तो कुठे जातो याची चौकशी करण्याचे कारण पडत नाही. तो मैंदर्गीवरून दुधनीला जातो, आणि दुधनीच्या पलीकडे कर्नाटक सुरू होते. एवढ्याशा तालुक्यात नगरपरिषदा तीन : अक्कलकोट, दुधनी आणि मैंदर्गी. पहिलीचे नाव स्वामींनी सर्वदूर नेले, दुसरीचे तुरीच्या बाजाराने व्यापाऱ्यांपर्यंत पोचविले. तिसरीचे नाव पुण्या-मुंबईत घेतले, तर "कुठे आले हे?" असा प्रश्न ठरलेला.

या तिसऱ्या गावी मी गेलो तो एक यंत्र पाहण्यासाठी. मराठीचा प्राध्यापक यंत्र पाहायला जातो म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये जी करमणूक झाली, तिचे वर्णन येथे करीत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे चुलते सोलापूरच्या एका कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर ते गावी परतले, आणि गिरण्यांच्या मोडीत निघालेला एक जुना लेथ त्यांनी घरच्या सोप्यात उभा केला, एवढेच मला कळले होते. गावात सारे त्यांना अप्पा म्हणतात. मीही अप्पाच म्हणालो.

मैंदर्गीचा मुलूख काळ्या रानाचा. ज्वारी, तूर, जिथे पाणी तिथे ऊस. मैलोगणती सपाट जमीन आणि मधूनच एखादे लिंबाचे झाड. गावात शिरलो की कानावर पडते ती कानडी. दुकानाच्या पाट्या मराठीत, दुकानातला सौदा कानडीत, आणि गिऱ्हाईक सोलापूरचे दिसले की तोच सौदा वाक्याच्या मध्यावर मराठीत वळतो. वळताना कुठे खडखडाट होत नाही. "बर्री, बर्री," असे म्हणत अप्पांनी माझे स्वागत केले आणि त्याच दमात "बसा की सर, पाणी घ्या," असे मराठीत सांगितले. माळवदाचे जुने घर, जाड भिंती, आत गारवा. सोप्यात एरवी जिथे धान्याची पोती असायची, तिथे तेलाचा वास दरवळत होता.

लेथ म्हणजे काय, हे कारखान्यात न गेलेल्या वाचकांसाठी सांगतो. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात स्थिर असतो. लेथवर लोखंड फिरते आणि हत्यार स्थिर असते, किंवा ठरविलेल्या वाटेने सरकते. पाळण्याचे खूर आणि पोळपाट-लाटणी कातणारा कातारी लाकडावर जे करतो, तेच येथे पोलादावर करायचे. फिरणारी वस्तू ज्या जबड्यात धरतात तो चक. हत्यार ज्यावर बसते ती सॅडल. आणि ती ज्या लांब पाठीवरून पुढेमागे सरकते तो बेड. यंत्राचे सुटे भाग ज्यावर घडतात ते हे यंत्र. एक लेथ हाताशी असला तर दुसऱ्या लेथचे बरेचसे भाग त्याच्यावर काढता येतात. म्हणून त्याला यंत्रांची आई म्हणतात, ते खोटे नाही.

अप्पांचा लेथ बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. वजन साताठशे किलो. पायावर इंग्रजी अक्षरे उठवलेली आहेत. त्यांतले पहिले नाव झिजून गेले, पण खालचे हॅलिफॅक्स हे गाव वाचता येते. यॉर्कशायरमधले हे हॅलिफॅक्स एके काळी लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते आणि लेथ बनविणाऱ्या कारखान्यांसाठीही. एका गिरणगावातून निघालेले यंत्र दुसऱ्या गिरणगावात आले, यात नवल नाही. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. मग एकेक गिरणी वाढत गेली. प्रत्येक गिरणीला दुरुस्तीखाते लागे, कारण मोडलेला भाग इंग्लंडहून बोटीने येईपर्यंत माग थांबविणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्या दुरुस्तीखात्यांतून सोलापूर-अक्कलकोटच्या कितीतरी मुलांनी हाताला वळण लावून घेतले. १९६० च्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, नव्वदीत उरलेल्यांवर पाळी आली, आणि ज्या भोंग्यांवर शहर घड्याळे लावीत असे, ते थांबले. इमारतींच्या जागेचे भाव झाले. यंत्रांचे वजन झाले.

हा लेथही वजनावरच विकला गेला होता. गिरणीतून तो यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या एका दुकानात गेला, तेथे काही वर्षे राबला आणि शेवटी भंगारवाल्याच्या आवारात पावसात पडला. अप्पांनी तो किलोच्या भावाने घेतला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मैंदर्गीला आणला. ट्रॉलीतून सोप्यापर्यंत तो पाइपांचे रूळ करून ढकलला. "लग्नाच्या वरातीला नव्हते एवढे लोक जमले," असे काकूंनी सांगितले. पुढे त्या म्हणाल्या, "वरात परत गेली, नवरी इथंच राहिली."

पहिले काम गंज काढण्याचे. रॉकेल आणि तारेचा ब्रश हा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग. पण बारीक दातेरी चाकांच्या खाचांतून ब्रश पोचत नाही. त्यासाठी अप्पांनी प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी भरले, त्यात धुण्याचा सोडा विरघळविला, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एक निकामी लोखंडी पत्रा धन टोकाला जोडला. भाग आणि पत्रा यांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. रात्रभरात गंज सैल होऊन काळा चिखल तेवढा राहतो. खालचे धातू शाबूत. या कामी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्याने पाण्यात विषारी द्रव्य उतरते. आणि निघणारा हायड्रोजन पेट घेणारा असल्याने पिंप उघड्या अंगणातच ठेवावे. जुना रंगही कोरडा घासायचा नाही, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असे. त्याची धूळ घरात लहान मुले असताना उडवणे हा शुद्ध अविचार. सोड्याचे तेच पाणी अप्पांनी भाग संपेपर्यंत वापरले. अक्कलकोट तालुक्यात पाण्याची उधळपट्टी करणारा माणूस शोधून सापडत नाही.

पण गंज हा वरवरचा रोग. खरा रोग झिजेचा. लेथवर बहुतेक कामे आखूड असतात आणि ती चकाच्या जवळ होतात. त्यामुळे बेड चकाजवळ अधिक झिजतो, लांबच्या टोकाला कोराच राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही. मात्र एक लांब दांडा कातला की तो एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक निघतो. यावरचा जुना उपाय हातानेच करायचा. खात्रीच्या सपाट पट्टीला निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावायचा, ती बेडवर फिरवायची. जेथे उंचवटा असेल तेथे निळे ठिपके उमटतात. तेवढे ठिपके पोलादी खरवडणीने खरवडायचे, पुसायचे, पुन्हा पट्टी फिरवायची. एका खेपेला निघणारा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. हे किती वेळा करायचे, असे मी विचारले. "निळं सगळीकडं सारखं येईपर्यंत," अप्पा म्हणाले. एक पावसाळा आणि एक हिवाळा त्यात गेला.

ऐकता ऐकता मला माझ्या विषयातली गोष्ट आठवली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले पाठ बाजूला करायचे आणि आपले शब्द मात्र आत घालायचे नाहीत, अशी ती शिस्त. खरवडणी हातात घेतलेल्या माणसाची परीक्षाही याच ठिकाणी असते. अप्पांनी काय बदलले हे त्यांनी आपणहून दाखविले. काय बदलले नाही हे मी विचारून घेतले. बेडवर गिरणीने ठोकलेला नंबर त्यांनी तसाच ठेवला. टेलस्टॉकचा दांडा कित्येक पंजांनी धरून मध्यभागी गुळगुळीत खोलगट झाला आहे, तोही तसाच. गनमेटलचे जुने बुश काढून नवी बेअरिंगे बसवा, असा सल्ला देणारे भेटले. बुश अजून शाबूत आहेत, तेल दिले की चालतात, मग काढायचे कशाला, असे त्यांचे उत्तर.

बदल केले ते तीन. गिरणीत हा लेथ छताखालच्या लांब शाफ्टवरून येणाऱ्या पट्ट्याने चाले. घरात शाफ्ट नाही आणि वीज एकच फेज. म्हणून तीन फेजची मोटर आणि तिला एका फेजवर चालविणारा ड्राइव्ह बसविला. उघड्या पट्ट्यावर जाळीचे झाकण घातले, कारण आता त्या सोप्यातून नातवंडे ये-जा करतात. लेथ चालू असताना हातमोजे नकोत, सैल बाही नको, मोकळे केस नकोत, आणि चकाची चावी चकात विसरायची नाही, हे नियम त्यांनी कोणाकडूनही करवून घेतले. प्राध्यापकालाही बाह्या दुमडाव्या लागल्या. तिसरा बदल म्हणजे एक दातेरी चाक. तेच पाहण्यासाठी मी आलो होतो असे मला मागाहून वाटले.

आम्ही बोलत असताना शेजारचा एक शेतकरी कडबाकुट्टीचा मोडका दांडा घेऊन आला. दांड्याच्या टोकाला आटे होते, ते चिरडून गेले होते. मधल्या काळात कोणी तरी त्यावर पाच सुताचा नट ठोकून बसविण्याचा प्रयत्न केला होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडे सुतार आणि फिटर अजून सुतातच बोलतात. पाच सूत म्हणजे पावणेसोळा मिलिमीटरच्या थोडे वर, आणि दांडा होता सोळा मिलिमीटरचा. दिसायला सारखेच. पण पाच सुताच्या जुन्या इंग्रजी नटाला एका इंचात अकरा आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे २.३ मिलिमीटर अंतर. आणि सोळाच्या बोल्टला नेमके दोन मिलिमीटर. एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. असा नट आरंभी धरल्यासारखा वाटतो आणि मग अडकतो. जोर केला की दोन्ही फुकट जातात.

या भांडणाचा इतिहास मोठा आहे. आट्यांना प्रमाण असावे हे इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडले. तोपर्यंत ज्याचा बोल्ट त्याचाच नट. लंडनमध्ये तो ज्या हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात काम करून शिकला, त्या मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास आटे बिनचूक पाडणारा लेथ बनविला होता. व्हिटवर्थचे माप इंचाचे, आणि ते साम्राज्याबरोबर आपल्या गिरण्यांत आले. स्वातंत्र्यानंतर आपण १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, शेर-मणांच्या जागी किलो आले. माणसे बदलली. यंत्रांच्या पोटातले लांब स्क्रू मात्र इंचाचेच राहिले.

"ही मशीन इंचात बोलती, बोल्ट मिलिमीटरचा हाय," अप्पा म्हणाले. "मधी दुभाषी लागतो की, सर." आणि त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरून ते चाक काढले. व्यास वीतभर, दाते एकशेसत्तावीस.

एकशेसत्तावीसच का? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याची पाचपट १२७. इंचाचे मिलिमीटर बिनचूक करायचे तर हा आकडा कुठे तरी यावाच लागतो. आणि तो मूळसंख्या असल्यामुळे त्याला छोट्या चाकांत फोडता येत नाही. अप्पांच्या लेथच्या लांब स्क्रूला इंचात चार आटे आहेत, म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात हत्यार ६.३५ मिलिमीटर सरकते. चकाच्या बाजूला चाळीस दात्यांचे चाक आणि स्क्रूच्या बाजूला हे १२७ चे चाक लावले, की चकाच्या एका फेऱ्याला हत्यार ६.३५ गुणिले ४० भागिले १२७, म्हणजे बरोबर दोन मिलिमीटर सरकते. दीड मिलिमीटर हवे असेल तर तीस दात्यांचे चाक, एक हवे असेल तर वीस. जेवढे मिलिमीटर, त्याच्या वीसपट दाते. वाचकांपैकी कोणी पेन्सिल घेऊन पडताळून पाहिले तर मला आनंद वाटेल.

हे चाक बाजारातून आणलेले नाही. अप्पांनी घरीच पाडले. एका वर्तुळाचे १२७ सारखे भाग करणे हे साध्या विभाजन-यंत्रालाही जड जाते. अप्पांनी शिंप्याच्या टेपेसारखी, पण पोलादी टेप घेतली. १२७ सेंटीमीटरवर कापली. सुमारे ४० सेंटीमीटर व्यासाची लाकडी तबकडी अशी कातली की टेप तिच्या कडेवर टोकाला टोक भिडवून नेमकी बसावी. आता प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे एक दाता. तबकडी लेथच्या मागच्या टोकाला लावली, पुढे कोरे चाक. एक सेंटीमीटर फिरवायचे, अडकवायचे, एक खाच पाडायची. तबकडी चाकाच्या दुप्पट व्यासाची असल्यामुळे खुणेत झालेली चूक दात्यावर येताना निम्मी होते. टेपच्या दुसऱ्या कडेला इंच होते. मी वाकून पाहिले : जेथे १२७ सेंटीमीटर संपले, तेथेच पन्नास इंचांची रेघ होती. घरोघरी शिवणाच्या डब्यात पडलेल्या टेपेवर ही भेट ठरलेली आहे. मी चाळीस वर्षे ती टेप पाहत आलो, पण दोन्ही कडा एकदम कधी वाचल्या नव्हत्या.

चाके लावून झाली. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडताना एक पथ्य असते : हत्यार स्क्रूला जोडणारा हाफनट एकदा धरला की काम संपेपर्यंत सोडायचा नाही. सोडला तर पुन्हा त्याच आट्यात नेमके शिरता येत नाही. म्हणून प्रत्येक खेपेला मोटर उलटी फिरवून हत्यार मागे आणायचे. त्यातही हा चक आट्यांवर बसविलेला. उलट झटका बसला तर चकच सुटून अंगावर यायचा. अप्पांनी ड्राइव्हला उलट्या फेऱ्यात सावकाश उचल घ्यायला लावले आहे. अर्ध्या तासात दांडा तयार झाला. नट बोटाने फिरवला, तो शेवटपर्यंत गेला. शेतकरी कानडीत काही म्हणाला, अप्पांनी त्याला कानडीतच उत्तर दिले, आणि पैशांची बोलणी दोघांनी मराठीत केली.

कडबाकुट्टी पाहून मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होणे साहजिकच होते. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून त्यांनी जी पहिली शेतीयंत्रे बनविली, त्यांत कडबा कापण्याचे यंत्र होते आणि लोखंडी नांगर होता. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना काढला. तिथले लेथ देशभर गेले. आज तो कारखाना चालू नाही, पण त्याचे लेथ गावोगाव चालू आहेत. यंत्र बनविणाऱ्यापेक्षा यंत्र जास्त जगते. मात्र ते आपोआप जगत नाही. त्याला अप्पांसारखा कोणी तरी लागतो.

अप्पांचा मुलगा पुण्याकडे एका कारखान्यात संगणकावर चालणारे लेथ सांभाळतो. हा जुना लेथ विकून टाकावा असे त्याचे मत आहे, आणि ते हेकटपणाचे नाही. वडिलांचे वय झाले. तेलकट फरशीवर पाय घसरला तर जवळ कोण आहे? शिवाय त्याच्याकडचे यंत्र असले दांडे मिनिटामिनिटाला काढते. अप्पा हे सारे मान्य करतात. "त्याला एकसारखे हजार पीस पायजेत," ते म्हणाले. "इथं येतो त्याला एकच पायजे, आणि तो आजच पायजे." दुकानात नवा दांडा मिळत नाही, मिळाला तर अख्खे यंत्र घ्या म्हणतात, आणि तोवर गुरे कडब्याची वाट पाहत उभी. भंगारवाला दर सहा महिन्यांनी चौकशी करून जातो. अप्पांनंतर काय, हा प्रश्न काकूंनी भाकरी वाढता वाढता सरळ विचारला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर असतानाही त्याचे उत्तर पटकन कोणाला सुचले नाही.

जेवण झाल्यावर मी सोप्याच्या भिंतीवरचा तक्ता उतरवून घेत होतो. कोणत्या आट्याला कोणते चाक, हे अप्पांनी रंगाने लिहून ठेवले आहे : डाव्या बाजूला इंच, उजव्या बाजूला मिलिमीटर. उजवीकडची शेवटची ओळ खडूने लिहिलेली आणि अक्षर निराळे होते. १.७५ मिलिमीटर, ३५ दाते. ती ओळ नववीत शिकणाऱ्या नातीने घातली आहे. बारा मिलिमीटरच्या बोल्टाला ते माप लागते. ३५ चे चाक जवळ आहे का, असे मी तिला विचारले. नाही, पण टेप आहे, ती म्हणाली. आणि मोकळे केस बांधून पुन्हा आजोबांच्या बाजूला उभी राहिली. तिला शिकविताना अप्पा कानडीत बोलतात, आकडे मात्र मराठीत सांगतात.

दिवाळीच्या साफसफाईत आपल्याही माळ्यावरून काही ना काही निघते : आजोबांचा बाकाला लावायचा शिकंजा, हाताने फिरवायचे छिद्रयंत्र, आजीचे शिवणयंत्र. दारात भंगारवाला उभा असतो आणि घाई असते. वजनकाट्यावर ठेवण्याआधी त्यावर थोडे रॉकेल टाकावे, रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी हाताने फिरवून पाहावे. फिरले, तर ते चालवायला घरात कोणाला आवडेल, एवढे तरी विचारावे. कदाचित नववीतली मुलगी हात वर करील.